पुढचा टप्पा, शेपूट

रविवारी सकाळी नऊ वाजता आमच्या गल्लीत बस येते. गल्ली अशी की समोरून स्कूटर आली तर आपण कोणाच्या तरी अंगणात शिरून उभं राहायचं. तरीही बस येते. आधी घंटी वाजते, टण टण, आणि मग एक भसाडा आवाज म्हणतो, "चला, पोट आलं, पोट. पोटवाले उतरून घ्या. पुढचा टप्पा, शेपूट."

सक्करदऱ्याच्या तलावामागे आम्ही घर घेतलं, त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी हे ऐकलं. अर्धी दाढी झाली होती. तसाच टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर आलो. बस नव्हती. समोरच्या घराच्या छपरीत सतरंजीवर दहाबारा पोट्टे पाट्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांच्यापुढे स्टँडवर फळा. फळ्याजवळ वर खाकी शर्ट आणि खाली पट्ट्यापट्ट्याचा पायजमा घातलेला साठीच्या पुढचा एक माणूस. छपरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी बांधलेली आणि तिच्या शेवटी पितळेची घंटी. फळ्यावर एक वांगं.

"काय चाललंय?" मी विचारलं.

"डायनासोर," तो माणूस म्हणाला. "पोटापर्यंत पोचलो. तुम्हाले कुठं जाचं हाय?"

मला कुठंच जायचं नव्हतं. मी घरी येऊन उरलेली दाढी केली. सुषमानं, म्हणजे आमच्या हिनं, विचारलं, कोणती बस होती? मी म्हटलं, बस नव्हती, डायनासोर होता. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

घाटोळे काकांशी माझी ओळख झाली ती अशी. आज ना उद्या हा माणूस आपल्याला समजेल या आशेवर मी राहिलो, पण दर रविवारी तो थोडा थोडा कमीच समजत गेला.

आमची स्वरा तेव्हा सहा वर्षांची. घंटी ऐकून ती घरात थांबेना, म्हणून पुढच्या रविवारी मी तिला घेऊन गेलो. फी विचारली. "पोट्टी आना, बस," काका म्हणाले.

"तुम्ही चित्रकला कुठं शिकलात?"

"मी कुठं शिकलो? मले तर सरळ रेघ बी येत नाई. मोबाईलवर पाहून राह्यलो, अन् फळ्यावर मारून राह्यलो."

"मग शिकवता कसे?"

"मी कुठं शिकवून राह्यलो साहेब? मी नेऊन राह्यलो."

मी मान हलवली. मी सहकारी बँकेत आहे. समजलं नाही तरी मान हलवायची, हे आम्हाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी येतं.

मग काकांनी एकदम हात जोडले. "एकच गोष्ट सांगतो साहेब. रविवार चुकवाचा नाई. पानी येवो, पाव्हना येवो. हा क्लास बंद पडाले नाई पाह्यजे."

आता सांगा. स्वराच्या नाचाच्या क्लासात आम्ही बाईंपुढे हात जोडतो, इंग्रजीच्या क्लासात सरांपुढे जोडतो. फुकट शिकवणारा मास्तर आईबापापुढे हात जोडतो, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. आणि ते नुसतं बोलणं नव्हतं. एका रविवारी स्वराला ताप होता. क्लास सुटल्याबरोबर काका दारात हजर, हातात कागदाच्या पुडीत मुरमुऱ्याचा चिवडा. "काहून नाई आली पोट्टी? तिची जागा खाली राह्यली का तिकडं मन लागत नाई." कोणाचं मन लागत नाही, ते सांगितलं नाही. चिवडा मात्र फर्मास होता.

काकांनी सारी नोकरी उमरेड-नागपूर रस्त्यावर लाल गाडीवर कंडक्टर म्हणून काढली. रिटायर झाल्यावर काका गाडीतून उतरले, पण गाडी काही काकांतून उतरली नाही. डायनासोर सुद्धा ते टप्प्याटप्प्यानं नेत. पहिला टप्पा पोट, मग मान, पाय, शेपूट, आणि सगळ्यात शेवटी डोळा. पोट म्हणजे भरताचं वांगं. मान म्हणजे शेवग्याची शेंग. पाय खाटेचे. शेपूट म्हणजे मुळा, तोही जरा वाकडा.

"काका, हा डायनासोर आहे की भाजी?" एका पोरानं विचारलं.

"आधी भाजी, मंग डायनासोर," काका म्हणाले. "कोनतंही जनावर आधी भाजीच असते."

यावर मी सोमवारभर बँकेत विचार करत होतो.

डायनासोरांची इंग्रजी नावं त्यांना झेपत नसत, आणि त्याची त्यांना फिकीरही नव्हती. लंबी मानवाला, काटेवाला, तीन शिंगवाला, अशी त्यांनी आपली सोय लावली होती. तो मोठ्या दातांचा, सगळ्यांना खाणारा, सगळी दुनिया ज्याला भिते, त्याला काका 'आखूड हातवाला' म्हणत आणि त्याची त्यांना फार कीव येई. "पाठीले खाज आली तर कसं करत असन बिचारा," असं म्हणून ते खरोखर थांबायचे. पोट्टेही थांबायचे. सगळा क्लास त्या जनावराच्या पाठीचा विचार करत बसायचा.

गाडीचे नियम दोन. पहिला, शेवटचा पाशिंजर पोचल्याशिवाय गाडी हलणार नाही. एखाद्या पोट्ट्याची मान व्हायची राहिली असेल, तर बाकीच्यांनी हाताची घडी घालून बसायचं. "मागं कोनी राह्यलं काय?" असं काका विचारत, आणि कोणी नाही म्हटल्यावरच सुतळी ओढत. दुसरा नियम, खोडरबर बंद. "गाडी रिव्हर्स येत नाई." रेघ वाकडी गेली तर तिचं काहीतरी करायचं. शिंग करायचं, आवाळू करायचं, नाहीच तर पिल्लू करायचं. त्यामुळे या क्लासातून जे डायनासोर बाहेर पडत, ते पाहून मला पृथ्वीवरून ते का गेले याचा थोडा अंदाज येई. स्वरानं एकदा पाच पायांचा आणला.

"पाचवा कशाला?" मी विचारलं.

"एक दुखला तर," ती म्हणाली.

"चुकलं असेल बेटा."

"बाबा, 'चुकलं' म्हणायचं नसतं. काका म्हणतात, डायनासोर कोणं पाह्यला हाय?"

मी पाहिला नव्हता.

त्यांचं विज्ञान तर विचारूच नका. आपल्या उमरेडच्या खाणीत खाली जो कोळसा आहे, तो म्हणजे डायनासोरच्या वेळचं जंगल. तो कोराडीला नेऊन जाळतात, त्याची वीज होते. "म्हनून पंखा फिरून राह्यला ना, तो डायनासोरच्या जंगलाच्या हवेनंच फिरून राह्यला." हे खरं की खोटं, मला अजून माहीत नाही. पण स्वरानं त्या आठवड्यात घरातला एक दिवा लावू दिला नाही. बिचाऱ्यांचं जंगल संपेल म्हणे. अंधारात जेवताना सुषमा म्हणाली, "तुम्हीच घातलं ना तिला त्या क्लासात?" घरात काहीही झालं तरी ते मीच घातलेलं असतं.

आता काकूंचं सांगतो. छपरीच्या दाराशी प्लास्टिकच्या खुर्चीवर घाटोळे काकू बसत. कडक इस्त्रीची सुती साडी, घट्ट अंबाडा, मांडीवर पर्स आणि पर्सवर पाटी. उमरेडपलीकडच्या एका गावात त्यांनी जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. लग्नाआधी त्या काकांच्याच गाडीनं शाळेत जायच्या, तिथंच जमलं, अशी माहिती सुषमानं पहिल्याच आठवड्यात काढली. अशा कामात ती वाकबगार आहे. आता काकूंना विसरायला होई. गल्लीला ते ठाऊक होतं. दूधवाल्याला त्या कधी कधी विचारायच्या, तू कितवीत आहेस रे? तो म्हणे, तिसरीत, बाई. दूधवाल्याचं वय पन्नास.

काकूही पोरांबरोबर डायनासोर काढत, आणि बहुतेक वेळा शेवटचा पाशिंजर त्याच असत. काका फळ्याजवळून विचारत, "बाई, झालं काय तुमचं? पाठवू गाडी पुढं?" काकू आणखी दोन रेघा ओढत, पाटी लांब धरून पाहत आणि गंभीरपणे म्हणत, "हाव. जाऊ द्या." मग घंटी वाजे.

स्वतःच्या बायकोला 'बाई' आणि 'तुम्ही'. मला हे काही केल्या पचेना. मी सुषमाला म्हटलं, "ही काय पद्धत?" ती म्हणाली, "चांगली पद्धत आहे. तुम्हीही सुरू करा." विषय तिथंच संपला.

त्याहून चमत्कारिक गोष्ट मी गच्चीवरून पाहिली. क्लास सुटला, पोट्टे पांगले. काकांनी आपली चामड्याची बॅग खांद्याला लावली, "येतो बाई," म्हणाले आणि स्वतःच्याच घराच्या फाटकातून बाहेर पडले. गल्लीचा वळसा घालून ते मागच्या दारानं आत शिरले. पाच मिनिटांनी पाहतो तर बनियनवर स्वयंपाकघराच्या खिडकीत चहा करत उभे. मी ही गोष्ट सुषमाला सांगितली. "फिरायला जात असतील," ती म्हणाली. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत कोण फिरायला जातं, बाप्पा?

आणि डायनासोर सोडून दुसरं काही म्हणून तिथं चालत नसे. एकदा एका पोरानं पाटीवर आंबा काढला. आंबाच तो, त्यात काय आहे? पण काका विंचू दिसल्यासारखे धावले, पाटी पालथी केली आणि आधी कोणाकडे पाहिलं असेल तर काकूंच्या खुर्चीकडे. काकू बाहेर बघत होत्या. काकांनी घाम पुसला. "आंबा घरी काढ बेटा. इथं फक्त डायनासोर." लहान लेकराच्या आंब्याला घाबरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग पोळा जवळ आला. आमच्याकडे मोठ्यांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा असतो. लाकडाचे नंदी सजवून पोट्टे घरोघरी फिरतात. कॉलनीच्या मंडळाचे सचिव ठवकर साहेब यांनी ठरवलं की त्या दिवशी चित्रांची स्पर्धा घ्यायची आणि विषय बैल. ठवकरांची दोन्ही नातवंडं काकांच्या क्लासात होती. मला बरोबर घेऊन ते काकांकडे गेले. मला का नेलं, ते मला माहीत नाही. मंडळाच्या कामात मला कायम नेतात आणि मी कायम उभा असतो.

"घाटोळे, दोन रविवार बैल शिकवा पोट्ट्यायले," ठवकर म्हणाले.

"बैल नाई," काका म्हणाले.

"काहून?"

"माह्या रूटवर नाई तो."

"अहो, कास्तकाराचे पोरगे ना तुम्ही? अन् बैलाले नाई म्हनता?"

"मी कास्तकाराचा, अन् बायको बी कास्तकाराघरची. म्हनूनच नाई."

ठवकरांनी माझ्याकडे पाहिलं. मी ठवकरांकडे पाहिलं. मान हलवण्याचीही सोय नव्हती.

"पाहा बुवा," ठवकर उठत म्हणाले, "तिकडं मेन रोडवर एक बाई बैल, मोर, किल्ला, सगळं शिकवतात. आम्ही पोट्टे तिकडं टाकतो. तुमचा तो एकच डायनासोर किती दिवस काढाचा?"

काकांचा चेहरा एकदम उतरला. ते खाटेवरून उठून ठवकरांच्या आडवेच आले. "पोट्टे नका नेऊ साहेब. पाया पडतो. डायनासोरले झूल घालून देतो. शिंगाले बेगड लावतो, बाशिंग बांधतो. पोळ्याचा डायनासोर करतो. पन बैल नका म्हनू. अन् पोट्टे नका नेऊ."

बाहेर आल्यावर ठवकर म्हणाले, "सरकला हा माणूस." मी नाही म्हटलं नाही. पण क्लास बंद पडेल म्हणून एक म्हातारा माणूस इतका कासावीस होतो आणि तरी साधा बैल काढत नाही, याचा मेळ मला लागेना. जेवताना लागेना, बँकेत लागेना.

पुढच्या रविवारी स्वराला सोडायला गेलो तर ठवकर आधीच हजर होते, काखेत दुकानातून आणलेला बैलाचा मोठा तक्ता. पोटाचा टप्पा झाला होता. काका चिवडा आणायला आत गेले, तेवढ्यात ठवकरांनी तक्ता फळ्याच्या कोपऱ्यावर लावला. लाल झुलीचा, रंगवलेल्या शिंगांचा, देखणा बैल. पोट्टे खूश.

"आज हा काढाचा," ठवकर म्हणाले. त्यांनी खडू घेतला, फळा पुसला आणि थांबले. आयुष्यात सहीशिवाय त्यांनी काही काढलं नसावं. "हे असं... इथून सुरू करा कुठून तरी."

तेव्हा काकू खुर्चीवरून उठल्या. पर्स खाली ठेवली. पदर कमरेला खोचला आणि वर्गात खोडी करणाऱ्या पोराच्या हातून घ्यावा तसा ठवकरांच्या हातून खडू काढून घेतला.

"सरळ बसा," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळी सतरंजी ताठ झाली. मीही झालो. "बैल कोनाच्या घरी हाय?" कोणाच्याच नव्हता. "माह्या बापाघरी होते. मोठे गुनाचे. पाहा. पह्यले वशिंड काढाचं."

एका रेघेत त्यांनी वशिंड काढलं. काय रेघ होती. जन्मभर तेच काढलेल्या हाताची. मग पाठ काढली. आणि खडू थांबला. त्या तक्त्याकडे पाहू लागल्या, मग फळ्याकडे. मान काढायला गेल्या ती पाठीच्या भलत्याच टोकाला वर निघाली. हातानं पुसली. पुन्हा काढली, पुन्हा तिथंच. "थांबा," त्या म्हणाल्या, "मले येते हा. मले येते."

स्वरा पुढेच बसली होती. तिच्या मनात काही नव्हतं. ती म्हणाली, "आजी, चुकलं."

काकू वळल्या. "काय चुकलं, बेटा?"

स्वराला सांगता येईना. काकूंनी शेजारच्या पोराला विचारलं, "तू सांग. काय चुकलं?" मग माझ्याकडे पाहिलं. डोळे काठोकाठ भरलेले. "तुमी तरी सांगा. चुकलं हे समजून राह्यलं मले. पन काय चुकलं?"

त्या पोरांची परीक्षा घेत नव्हत्या, खरंच विचारत होत्या. मला इतकं वाईट क्वचित वाटलं असेल.

काका चिवड्याचं ताट घेऊन बाहेर आले. फळा पाहिला, तक्ता पाहिला, काकू पाहिल्या. ताट खिडकीत ठेवलं. तक्ता काढून त्याची गुंडाळी ठवकरांच्या हातात दिली. मग सुतळी ओढून घंटी एकदाच वाजवली.

"गाडी थांबली हाय. कोनी हालाचं नाई." मग ते फळ्याजवळ गेले. "बाई, तुमचं बरोबरच हाय. काटे तेवढे राह्यले." आणि त्या सुंदर वशिंडावर त्यांनी एक उभा काटा काढला. "हा काटेवाला हाय. नाई काय रे पोट्टेहो?"

पोट्ट्यांना उमजायला क्षणभर लागला. मग स्वराच आधी म्हणाली, "हो, काटेवालाच आहे."

"काटेवाला?" काकूंनी विचारलं.

"हाव बाई. अन् तुमी वर नेली ती शेपूट."

त्यांनी खडू काकूंच्या हातात दिला. काकूंनी बराच वेळ फळ्याकडे पाहिलं. मग एक काटा काढला. मग आणखी एक. सगळी पाठ काट्यांनी भरली तेव्हा त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि ठवकरांकडे वळून म्हणाल्या, "तुमी तक्ता चुकीचा आनला."

"हो बाई," ठवकर म्हणाले.

क्लास सुटल्यावर ठवकर आणि मी फाटकाशी उभे होतो. जावंसं वाटेना आणि थांबायची लाज वाटत होती. काका आपणच आले.

"रोज सकाळी तयार होऊन बसे ती," ते म्हणाले. "पर्स घेऊन. शाळेत जाचं हाय म्हने. नोकरी केव्हाच संपली, असं सांगतलं का रडे. मंग म्या म्हटलं, शाळाच घरी आनू. गल्लीतले पोट्टे गोळा केले, आंबा काढाले देला. तिले बी देला. तर तिचा आंबा आला नाई साहेब. पह्यलीच्या किती पोरांले तिनं आंबा शिकवला असन. दोन दिवस जेवली नाई. जे येत होतं ते गेलं, हे मानसाले समजते ना. गाय चुकली का तिले समजते, बैल चुकला का समजते. मंग म्या असं जनावर शोधाले लागलो का जे तिले कधी येतच नव्हतं. तिच्या शाळेत डायनासोर कुठं होता?"

ठवकर तक्त्याची गुंडाळी हातात फिरवत उभे होते. त्यांनी नाक शिंकरलं.

"पोट्टे येतीन ना पुढच्या रविवारी?" काकांनी विचारलं. "एक बी आला नाई, तर ती खुर्चीवर बसून राहीन दिवसभर. मले तेवढंच भेव हाय."

"येतीन," ठवकर म्हणाले. पण पुढचा रविवार म्हणजे नेमका पोळा होता.

पोळ्याच्या दिवशी सकाळी घरोघर पुरणाचा वास. सणाच्या दिवशी कोण पोरं पाठवतं? मी स्वराला नवा फ्रॉक घातला आणि निघालो. काका खाकी शर्टात फाटकाशी उभे होते, गल्लीच्या एकदा या टोकाला पाहत, एकदा त्या टोकाला. सतरंजी रिकामी. काकू खुर्चीवर, पर्स मांडीवर. "पोट्टे कुठं गेले?" त्या विचारत होत्या. "येऊन राह्यले बाई, थोडी लेट हाय गाडी," काका म्हणत होते. त्यांचा आवाज भसाडा राहिला नव्हता, नुसता बारीक झाला होता.

मग ठवकर आले. दोन्ही नातवंडं दोन हातांना. त्यांच्यामागे बाकीचे सगळे पोट्टे, कोणी नव्या कपड्यांत, कोणी अर्ध्या आंघोळीचे. सकाळपासून घरोघर जाऊन त्यांनी वरात गोळा केली होती. स्पर्धेचा विषयही आता 'कोणतंही जनावर' केला होता. ठवकर गुडघे मोडत सतरंजीवर बसले आणि पाटी मागू लागले. मी एकटाच उभा बरा दिसेना, म्हणून मीही बसलो.

टण टण. पोट. माझं वांगं काही वांगं होईना. काकू खुर्चीवरून उठून पोरांच्या पाट्या पाहत पाहत माझ्यापर्यंत आल्या आणि वाकल्या.

"नवीन आले काय तुमी?"

"हो बाई."

"घाबराचं नाई. येते हळूहळू." मग त्यांनी फळ्याजवळ उभ्या असलेल्या काकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "हे कंडक्टर मोठे भले हायेत. माह्या पोट्ट्यायले सांभाळून आनतात. एकाले बी मागं सोडत नाई. आजकाल असं कोन करते?"

मी पाटीवरून मान वर केली. तेव्हा कुठं या बैलाच्या डोक्यात उजेड पडला. खाकी शर्ट, घंटी, बाई, मागचं दार. नवरा काकूंच्या आठवणीतून केव्हाच उतरून गेला होता. शाळेत नेणारा कंडक्टर तेवढा राहिला होता. म्हणून काका तेवढेच होऊन राहिले होते.

काकू ताठ उभ्या राहिल्या. "अहो कंडक्टर."

"जी बाई."

"आज पोळा हाय ना?"

"हाव बाई."

"मंग आज तरी लवकर घरी जा. सणाचा दिवस. बायको वाट पाहून राह्यली असन."

काकांच्या हातातला खडू तिथंच थांबला. पोट्टे खाली मान घालून पोट गोल करत होते. माझ्यानं काकांकडे पाहवलं नाही, म्हणून मीही खाली पाहिलं.

"हाव बाई," काका म्हणाले. "एवढी फेरी झाली का जातोच."